कादंबरीतल्या दोघी पडद्यावर येताना

मँडरलीच्या बंद खोलीत मिसेस डॅनव्हर्स नव्या मालकिणीला घेऊन जाते. पडदे सारते, कपाट उघडते, मेलेल्या रेबेकाचा फरचा कोट बाहेर काढते आणि त्या मऊ फरचा स्पर्श गालाला करून दाखवते. मग पलंगावरच्या पिशवीतून रेबेकाचा झिरझिरीत नाइटगाउन काढते, त्यात हात घालते आणि कापडातून आपली बोटं कशी आरपार दिसतात ते नव्या मालकिणीला पाहायला लावते. आवाज कुठेही चढत नाही. समोरची बिचारी मात्र भीतीने अर्धी होते.

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘रेबेका’मधलं हे दृश्य १९४० सालच्या अमेरिकेत पडद्यावर आलंच कसं, असा प्रश्न आज पडतो. हॉलिवूडवर तेव्हा ‘प्रॉडक्शन कोड’ची सक्त पहारेदारी होती. १९३० मध्ये तयार झालेली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने कडकपणे राबवलेली ही नियमावली ‘लैंगिक विकृती’ नुसती सूचितसुद्धा होऊ देत नसे, आणि समलिंगी प्रेम त्याच सदरात मोडत असे. डॅनव्हर्सच्या पात्राबद्दल ब्रीन यांनी निर्मात्यांना लेखी हरकत कळवली होती. डाफ्ने ड्यू मॉरिएच्या १९३८ च्या कादंबरीत मँडरलीचा मालक मॅक्सिम आपल्या पहिल्या बायकोला, म्हणजे रेबेकाला, गोळी घालतो. खुनी मोकळा सुटलेला कोडला चालत नसे, म्हणून सिनेमात तो मृत्यू अपघाती ठरवला गेला. म्हणजे खून कापला गेला आणि नाइटगाउन राहिला! संवादात बोट ठेवावं असं फारसं काही नव्हतंच. जे होतं ते डॅनव्हर्स झालेल्या जुडिथ अँडरसनच्या नजरेत होतं आणि नजरेवर कात्री चालवणं अवघड असतं.

हीच डॅनव्हर्स १९६४ मध्ये हिंदीत आली ती येवल्याच्या ललिता पवारांच्या रूपाने. बिरेन नाग दिग्दर्शित, हेमंतकुमार निर्मित ‘कोहरा’ हे ‘रेबेका’चंच रूपांतर. त्यातली ‘दाई माँ’ घाबरवते जरूर. ललिताबाईंनी नुसतं पाहिलं तरी प्रेक्षक सावरून बसायचा. पण पात्राला दाई म्हटलं की तिच्या वेडाला एक सोज्वळ कारण मिळतं. जिला लहानाची मोठी केली तिच्यावरची माया, एवढाच त्याचा अर्थ उरतो. मूळ कादंबरीतही डॅनव्हर्स रेबेकाला पूर्वीपासून ओळखत असते, पण तिच्या भक्तीत आईपणाखेरीज आणखी काही आहे हे वाचकाला सतत जाणवत राहतं. हिंदीत ते ‘आणखी काही’ कोणाला न दुखावता गळून पडलं. इथे सेन्सॉरची गरजही लागली नाही.

कादंबरीतलं लेस्बियन नातं सिनेमात येताना काय होतं, याची चर्चा बहुतेक वेळा एकाच मापाने होते. किती दाखवलं? चुंबन आहे की नाही, शय्यादृश्य आहे की नाही, असल्यास किती मिनिटांचं? हे माप सोपं आहे, पण फार उपयोगाचं नाही. काहीही न दाखवता ते नातं शाबूत ठेवणारे चित्रपट आहेत आणि सगळं दाखवून ते हरवून बसलेलेही आहेत. खरं पाहायचं ते हे की गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी दिसते, आणि शेवटी त्या दोघींच्या वाट्याला काय येतं.

शेवटाचा इतिहास तर मोठा मजेशीर आहे. त्यासाठी थोडं नाटकाकडे वळावं लागेल, कारण एकाच दिग्दर्शकाने एकच कथा दोनदा, पंचवीस वर्षांच्या अंतराने पडद्यावर आणल्याचं असं उदाहरण दुसरीकडे मिळणं कठीण. लिलियन हेलमन यांचं ‘द चिल्ड्रन्स अवर’ १९३४ मध्ये ब्रॉडवेवर आलं. मुलींची शाळा चालवणाऱ्या दोन मैत्रिणींबद्दल एक विद्यार्थिनी खोटी कुजबुज पसरवते आणि त्यात शाळा, अब्रू आणि शेवटी एकीचा जीव जातो. नाटकाला आधार होता १८१० च्या सुमारास एडिंबरात खरोखर घडलेल्या खटल्याचा. त्या खऱ्या प्रकरणातली मुलगी अर्धी भारतीय होती: वडील स्कॉटिश, आई हिंदुस्थानी. असल्या गोष्टी ती हिंदुस्थानातच शिकली असणार, असाही सूर त्या खटल्यात लागला होता. हेलमन यांच्या नाटकात मुलगी अमेरिकन झाली आणि हिंदुस्थान गायब झाला.

विल्यम वायलर यांनी १९३६ मध्ये त्यावर ‘दीज थ्री’ काढला, तेव्हा मूळ नाटकाचं नाव वापरायलाही बंदी होती. पटकथा हेलमन यांनीच लिहिली. कुजबुज बदलली: आता दोघींपैकी एकीचं दुसरीच्या वाग्दत्त वराशी लफडं असल्याची अफवा. खोट्याची ताकद हाच आपला विषय आहे, त्यामुळे खोटं कोणतं याने फरक पडत नाही, असं हेलमन यांचं म्हणणं. चित्रपट चांगला आहे, यात वाद नाही; पण हा युक्तिवाद पटत नाही. लफड्याच्या अफवेने माणसाची बदनामी होते, दुसऱ्या अफवेने माणसाला आरशात पाहायची भीती वाटू लागते. यातली आणखी एक गंमत अशी की नायिकांपैकी एक होती मर्ल ओबेरॉन. तिचा जन्म मुंबईतला, आणि ती अँग्लो-इंडियन असल्याचं तिने आयुष्यभर जगापासून लपवलं. लपवाछपवीच्या या चित्रपटाला शोभावी अशीच निवड.

१९६१ मध्ये कोड सैल झाला आणि वायलर यांनी मूळ नावाने तीच कथा पुन्हा केली, ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेन यांना घेऊन. आता अफवा मुळातली होती. पण ‘लेस्बियन’ हा शब्द मात्र कोणी उच्चारत नाही. मॅक्लेनची मार्था आपल्या मनातलं प्रेम कबूल करते आणि गळफास घेते. चित्रीकरणाच्या काळात आम्ही या विषयावर आपापसात कधी बोललोच नाही, असं मॅक्लेन यांनी पुढे ‘द सेल्युलॉइड क्लोजेट’ या १९९५ च्या माहितीपटात सांगितलं. म्हणजे पडद्यावर विषय आला, सेटवर अळीमिळी गुपचिळी. पंचवीस वर्षांत मिळालेली सवलत ही अशी: आधी अशी बाई अस्तित्वातच नव्हती, आता ती मरण्यापुरती अस्तित्वात आली.

या बाबतीत जर्मनी हॉलिवूडच्या पुढे होतं आणि तेही आधीच. ख्रिस्ता विन्स्लो यांच्या नाटकावरून लिओन्टीन सागान यांनी १९३१ मध्ये ‘मेडशेन इन युनिफॉर्म’ हा चित्रपट केला. त्यात एकही पुरुष पात्र नाही. करड्या शिस्तीच्या वसतिगृहातली मान्युएला आपल्या शिक्षिकेवर जीव लावते आणि सगळ्यांसमोर ते बोलून दाखवते. नाटकात ती जीव देते. चित्रपटात ती जिन्याच्या कठड्यावर चढते आणि बरोबरच्या मुली तिला मागे ओढतात. हतबल मुख्याध्यापिका काठी टेकत निघून जाते. सहसा पुस्तकातलं धाडस चित्रपटात बोथट होतं, इथे उलट झालं. लेखिकेला मात्र ते रुचलेलं दिसत नाही. विन्स्लो यांनी चित्रपटानंतर हीच कथा कादंबरी म्हणून लिहिली आणि त्यात मान्युएलाला पुन्हा मरू दिलं. जगाने ज्या मुली मारल्या त्यांची साक्ष लेखिकेला ठेवायची होती, की सुखाचा शेवट खोटा वाटत होता, हे आता कोण सांगणार? चित्रपटावर नाझींनी बंदी घातली, हे वेगळं सांगायला नको.

भयकथांचं गणित निराळं. शेरिडन ल फान्यू यांची ‘कार्मिला’ १८७२ ची, ड्रॅक्युलाच्याही पंचवीस वर्षं आधीची. त्यातली रक्तपिपासू स्त्री तरुण मुलीच्याच मागे लागते आणि त्या दोघींमधली ओढ कथेत स्पष्ट आहे. कार्ल ड्रायर यांनी १९३२ मध्ये ‘व्हँपायर’ करताना ल फान्यू यांच्या त्याच संग्रहाचा आधार घेतला आणि ही ओढ पुरती पुसून टाकली. १९७० मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने ‘द व्हँपायर लव्हर्स’ काढला तो नेमकी तीच ओढ विकण्यासाठी, पुरुष प्रेक्षकांना. एकाने झाकलं, दुसऱ्याने मांडलं. दोन्हीकडे कार्मिलाला स्वतःचं असं काही उरलं नाही.

आता डोळ्यांचा मुद्दा. त्यासाठी ‘द कलर पर्पल’ इतकं बोलकं उदाहरण नाही.

ॲलिस वॉकर यांची १९८२ ची ही कादंबरी पत्रांची आहे. सीली ही अमेरिकेच्या दक्षिणेतली गरीब, कृष्णवर्णीय, जवळपास निरक्षर मुलगी. ती आधी देवाला पत्रं लिहिते, नंतर बहिणीला. बापाने नासवलेलं, नवऱ्याने जनावरासारखं राबवलेलं तिचं आयुष्य तिच्याच मोडक्यातोडक्या भाषेत आपल्याला कळतं. मग घरात येते नवऱ्याची जुनी प्रेयसी, गायिका शग एव्हरी. आजारी, तोंडाळ, देखणी. सीली तिची सेवा करता करता तिच्या प्रेमात पडते. शग तिला आरसा देते आणि स्वतःचं शरीर पाहायला लावते. जे शरीर आजवर दुसऱ्यांनी वापरण्याची वस्तू होतं, ते आपलं आहे हे सीलीला तिथे कळतं. पुढे दोघी जोडीदारीण म्हणून राहतात. कादंबरीतला हा आरसा काढला तर पुढचं सीलीचं बंड, तिचं शिवणकाम, तिने नवऱ्याच्या तोंडावर दिलेलं उत्तर, कशालाच नीट कारण उरत नाही.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९८५ मध्ये हा चित्रपट केला. आरसा त्यांनी ठेवला, पण त्याचं काम बदललं. हसताना तोंडावर हात धरणाऱ्या सीलीला शग आरशासमोर उभी करते आणि मोकळेपणी हसायला लावते. व्हूपी गोल्डबर्गचं ते हसू लाख मोलाचं आहे, नाही म्हणता येणार नाही. पाठोपाठ काही हळुवार चुंबनं येतात आणि कॅमेरा लाजून वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटांकडे वळतो. बस्स. त्यापुढे शग ही सीलीची मायाळू मैत्रीण. शिवाय चित्रपटात शगला एक धर्मोपदेशक बाप दिला आहे, आणि ती गात गात चर्चमध्ये शिरून त्याच्या गळ्यात पडते. कादंबरीत यातलं काही नाही. सीलीची सखी असलेल्या बाईला अशा रीतीने बापाची चुकलेली लेक करून टाकलं.

स्पीलबर्ग यांनी २०११ च्या एका मुलाखतीत आपण हे नातं मवाळ केल्याचं आणि कादंबरीतला तो आरशाचा प्रसंग आपल्या संकोचामुळे टळल्याचं मान्य केलं. वॉकर यांनी स्वतः एक पटकथा लिहून दिली होती, ती वापरली गेली नाही; पुढे १९९६ मध्ये त्यांनी ती आपल्या ‘द सेम रिव्हर ट्वाइस’ या पुस्तकात छापली. २०२३ मध्ये ब्लिट्झ बझावुले यांनी ब्रॉडवेच्या संगीतिकेवरून पुन्हा चित्रपट केला. त्यात दोघींचं प्रेम गाण्याच्या स्वप्नदृश्यात येतं, पहिल्यापेक्षा मोकळेपणाने. तरीही ते स्वप्नातच, जागेपणीच्या संसारात थोडकंच. चाळीस वर्षांत गाडी एवढी पुढे सरकली.

याच जातकुळीतला पण जास्त चलाख चित्रपट म्हणजे ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’. फॅनी फ्लॅग यांची कादंबरी १९८७ ची, जॉन ॲवनेट यांचा चित्रपट १९९१ चा, आणि पटकथेत फ्लॅग यांचाही हात. ॲलाबामातल्या छोट्या गावात इजी आणि रूथ मिळून खाणावळ चालवतात, मूल वाढवतात. कादंबरीत इजीचं रूथवर मन बसलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तिला कोणी हसायचं नाही अशी ताकीद आईच मुलांना देते. किती साधी गोष्ट! चित्रपटात हे नाही. उलट रूथ ही इजीच्या मेलेल्या भावाची प्रेयसी होती असं नवीनच नातं जोडलं आहे, म्हणजे दोघींच्या जवळिकीला एका पुरुषाच्या आठवणीचं तारण मिळालं. पण मग स्वयंपाकघरातलं ते दृश्य येतं. उकाडा, पीठ, चॉकलेट, चेचलेली फळं. एकमेकींना फासता फासता दोघी हसून लोळतात आणि शेरीफ दारात येऊन पाहतच राहतो. हे प्रेमदृश्यच आहे, असं दिग्दर्शकाने नंतर सांगितलं. ज्यांना कळायचं त्यांना सांगण्याआधीच कळलं होतं. बाकीच्यांनी ती दोन मैत्रिणींची धमाल म्हणून पाहिली आणि सहकुटुंब पाहिली.

अशा वेळी प्रेक्षक दोन भागांत वाटला जातो आणि दोघेही समाधानाने घरी जातात. निर्मात्याच्या दृष्टीने याहून बरं काय? पण कादंबरीतल्या आईने जी गोष्ट सरळ सांगितली ती चित्रपटाने कोड्यात घातली, हे विसरून चालणार नाही.

आडपडदा न ठेवणाराही चित्रपट तोवर येऊन गेला होता. जेन रूल यांच्या १९६४ च्या ‘डेझर्ट ऑफ द हार्ट’वरून डॉना डाइच यांनी १९८५ मध्ये ‘डेझर्ट हार्ट्स’ केला. घटस्फोटासाठी रेनोला आलेली प्राध्यापिका आणि तिथली बिनधास्त तरुणी यांची ही प्रेमकहाणी. मोठी कंपनी पाठीशी नाही म्हणताना डाइच यांनी लोकांकडून भागभांडवल गोळा केलं. यात कोणी मरत नाही, कोणाला पश्चात्ताप होत नाही. पैसे लावणारे आपले असले की शेवटही आपला राहतो!

पॅट्रिशिया हायस्मिथ यांना हे १९५२ मध्येच जमलं होतं, टोपणनावाआडून का होईना. १९४८ च्या नाताळात त्या न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स दुकानात खेळण्यांच्या विभागात काम करत होत्या. फरकोटातली एक बाई काउंटरवर आली, तिने बाहुली विकत घेतली आणि निघून गेली. तेवढ्यावरून त्यांनी ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ लिहिली आणि क्लेअर मॉर्गन या नावाने छापली. स्वस्त आवृत्तीच्या लाखो प्रती खपल्या आणि पत्रांचे ढीग आले, कारण या कादंबरीतल्या दोघी शेवटी एकत्र येण्याची आशा जिवंत राहते. स्वतःच्या नावाने ती त्यांनी छापली १९९० मध्ये, ‘कॅरल’ या शीर्षकाने.

टॉड हेन्स यांचा ‘कॅरल’ आला २०१५ मध्ये. फिलिस नॅजी यांची पटकथा त्याआधी कितीतरी वर्षं निर्मात्यांच्या दारोदार फिरत होती. या पटकथेने कादंबरीत बरेच बदल केले. दुकानातली थेरीज पुस्तकात नाटकाचे सेट उभारण्याची स्वप्नं पाहते, चित्रपटात छायाचित्रं काढते. बाहुलीच्या जागी आगगाडीचा खेळ आला. काउंटरवर कॅरलचे हातमोजे राहतात, ते परत पाठवण्याच्या निमित्ताने ओळख वाढते; पुस्तकात हे काम नाताळच्या शुभेच्छापत्राने होतं. सगळ्यात मोठा बदल डोळ्यांचा. कादंबरी पूर्णपणे थेरीजच्या मनातून घडते. कॅरल नवऱ्याशी काय बोलली, वकिलांसमोर काय झालं, मुलीचा ताबा कसा सुटला, हे थेरीजला जेवढं कळेल तेवढंच वाचकाला कळतं. चित्रपट कॅरलला स्वतःचे प्रसंग देतो. वकिलांच्या त्या खोलीत केट ब्लँचेट आपण कोण आहोत हे नाकारून मुलगी मिळवायला नकार देते, तेव्हा पुस्तकात दाराआड घडलेली गोष्ट आपल्यासमोर घडते.

असं असूनही हा चित्रपट पुस्तकाशी इमान राखतो, कारण हेन्स यांनी पाहण्याची ती चोरटी रीत सांभाळली. माणसं इथे सतत काचेपलीकडे आहेत. पावसाने ओघळलेल्या खिडक्या, टॅक्सीच्या काचा, धुकट आरसे. छायाचित्रकार एड लॅकमन यांनी चित्रीकरण १६ मिमीच्या फिल्मवर केलं, त्यामुळे चित्राला खरबरीत दाणेदारपणा आला. १९५० च्या सुमाराच्या न्यूयॉर्कमध्ये एका बाईने दुसरीकडे पाहायचं तर असंच, कोपऱ्यातून, काहीतरी मध्ये ठेवून. शय्यादृश्य आहे, पण चित्रपट संपल्यावर लक्षात राहतो तो खांद्यावर क्षणभर टेकलेला हात.

सारा वॉटर्स यांच्या ‘फिंगरस्मिथ’चं झालेलं रूपांतर याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं. २००२ ची ही कादंबरी व्हिक्टोरियन लंडनमधली आहे आणि त्या वर्षी ती बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. पाक्-चान-वूक यांनी २०१६ च्या ‘द हँडमेडन’मध्ये ती उचलून जपानी अमलाखालच्या कोरियात नेली. पाकीटमारांमध्ये वाढलेली सू झाली सूक-ही, वारसदार मॉड झाली हिदेको. वर्गाच्या दरीत भाषेची आणि साम्राज्याची दरी मिसळली. इंग्रजी उपशीर्षकांतही कोरियन संवाद एका रंगात, जपानी दुसऱ्या.

कथेचा सांगाडा कायम. श्रीमंत मुलीला फसवून वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं कारस्थान, त्यासाठी पाठवलेली मोलकरीण, आणि दोघींचं एकमेकींत गुंतणं. एक छोटा प्रसंग पुस्तकातून जसाच्या तसा आला आहे. मालकिणीचा दात टोकदार झालाय, तोंडात टोचतोय. मोलकरीण बोटात शिवणाचं अंगुस्तान घालते, ते तिच्या तोंडात घालून दात घासून गुळगुळीत करते. पाक् यांनी हे न्हाणीघरात, टबाशेजारी घडवलं आहे. एकीची नजर दुसरीवर, श्वासांचे आणि धातू घासल्याचे आवाज, बाकी शांतता. पुढच्या साऱ्या उघड्यावाघड्या दृश्यांपेक्षा हे दृश्य जास्त धीट आहे.

बदल आहेत ते उत्तरार्धात. वॉटर्स यांच्या कादंबरीत दोघींच्या जन्माचं एक मोठं रहस्य आहे. ते पाक् यांनी गाळलं आणि त्याऐवजी दोघींना कारस्थानात लवकर एकत्र आणून पुरुषांवर उलटवलं. हिदेकोच्या मावशीचा नवरा अश्लील ग्रंथांचा संग्राहक, तिला ते पुरुषांच्या मैफलीत मोठ्याने वाचायला लावणारा. चित्रपटात सूक-ही ते ग्रंथ पाहते, भडकते, फाडते, शाई ओतते, पाण्यात बुडवते. टाळ्यांचं दृश्य. कादंबरीत मात्र मॉड शेवटी तसलीच पुस्तकं स्वतः लिहू लागते, त्यावरच पोट भरते. जिच्याकडून वाचून घेतलं गेलं तीच लेखिका होते. हा शेवट पाक् यांच्या शेवटापेक्षा कितीतरी खोल आहे. वॉटर्स यांना चित्रपट आवडला. पुरुषांच्या अश्लीलतेच्या परंपरेवर बायकांनी कब्जा करावा हा आपल्या पुस्तकाचा गाभा त्यात आहे, असं त्यांचं मत. मूळ लेखिकेशी वाद घालणं अवघड, पण चित्रपटातल्या शेवटच्या शय्यादृश्यातली ती रेखीव, सममित मांडणी पाहताना ती नेमकी कोणासाठी मांडली आहे असा प्रश्न पडतोच.

‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ला हाच प्रश्न मोठ्या आवाजात विचारला गेला. ज्यूल मारो यांची चित्रकादंबरी २०१० ची, अब्देलातिफ केशिश यांचा चित्रपट २०१३ चा. कानमध्ये ‘पाम दोर’ दिग्दर्शकासोबत दोन्ही अभिनेत्रींनाही दिला गेला. मूळ पुस्तकात क्लेमांतीन मेलेली आहे आणि तिची डायरी वाचत कथा उलगडते. चित्रपटात ती आदेल होते, जगते, शिक्षिका होते, आणि प्रेमभंगाचं दुःख पोटाशी घेऊन वर्गात मुलांना शिकवत राहते. हा बदल उत्तम. पण लांबलचक शय्यादृश्यांबद्दल मारो यांनीच सुनावलं की चित्रीकरणाच्या जागी लेस्बियन स्त्रियांचीच उणीव होती. नातं पडद्यावर पूर्ण उजेडात होतं, फक्त पाहणारे डोळे दुसऱ्या कोणाचे तरी होते.

आपल्याकडे ही वाट लांबून गेली. केरळात व्ही. टी. नंदकुमार यांच्या ‘रंडु पेणकुट्टिकळ’ या कादंबरीवर मोहन यांनी १९७८ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. दोन मुलींमधली ओढ त्यात आहे, पण ती कोवळ्या वयातला एक टप्पा म्हणून. शेवटी दोघी पुरुषांच्या संसाराला लागतात. धाडस केलं आणि लगेच पांघरूणही घातलं.

पांघरुणावरून इस्मत चुगताईंची आठवण अटळ. ‘लिहाफ’ १९४२ ची. त्यावर लाहोरात अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यात चुगताई सुटल्या, कारण कथेत बोट ठेवावं असा शब्दच नव्हता. एक लहान मुलगी भिंतीवर हलणाऱ्या रजईच्या सावल्या पाहते, आणि जे समजायचं ते वाचक समजतो. या कथेवर रहात काजमी यांचा चित्रपट २०१९ मध्ये आला. पण तिला खरी दाद दिली ती अभिषेक चौबे यांच्या २०१४ च्या ‘डेढ़ इश्किया’ने. ते रूपांतर नव्हे. तरीही बेगम पारा आणि मुनिया, म्हणजे माधुरी दीक्षित आणि हुमा कुरेशी, यांच्या सावल्या भिंतीवर एकमेकींत मिसळतात तेव्हा जाणकार प्रेक्षकाला रजई आठवते. ज्या युक्तीने चुगताई कोर्टातून सुटल्या त्याच युक्तीने चौबे सेन्सॉरमधून सुटले.

आणि एक उलटं उदाहरण. २०१९ चा ‘एक लड़की को देखा तो ऐसा लगा’ हा शेली चोप्रा धर यांचा चित्रपट पी. जी. वुडहाउस यांच्या १९१९ च्या ‘अ डॅम्झेल इन डिस्ट्रेस’वरून काही अंशी सुचलेला. वुडहाउसच्या त्या निरागस विनोदी कादंबरीत प्रेमात पडलेली एक मुलगी आहे आणि घरचे तिच्या प्रियकराबद्दल भलताच गैरसमज करून घेतात. पंजाबातल्या मोग्यात येताना गैरसमज तोच राहिला, फक्त प्रियकराची प्रेयसी झाली. कादंबरीत नसलेलं नातं चित्रपटाने घातलं आणि ते चपखल बसलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या तीनशे सत्याहत्तर कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याआधी काही महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, लागला होता.

मराठीत या विषयावर बोलायचं तर ‘उंबरठा’कडे यावं लागतं. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकर यांची पटकथा, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, १९८२. सगळ्यांना आठवते ती स्मिता पाटीलची सुलभा, तिचं घर सोडणं आणि परत आल्यावर ते घर आपलं न राहणं. सुलभा ज्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते तिथे दोन बायकांचं नातं उघड होतं, हे मात्र फार कमी जणांना आठवतं. चित्रपट त्या दोघींकडे पाहतो तो अधीक्षिकेच्या खुर्चीतून. आश्रमातल्या इतर प्रश्नांसारखा तोही एक प्रश्न, फाइलमधला. १९८२ साली मराठी पडद्यावर एवढं आणणंही लहान गोष्ट नव्हती, आणि ती मध्यमवर्गाने डोक्यावर घेतलेल्या चित्रपटात होती. ‘उंबरठा’ पुन्हा पाहण्याचा योग आला तर त्या दोघींच्या प्रसंगाशी जरा थांबावं, आणि ग्रंथालयात ‘बेघर’ मिळाली तर आधी ती वाचावी.